न उघडलेला डबा

हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

डबा परतच पाठवायचा होता तर निदान झाकण तरी उघडून बघायचं. डिंकाचे लाडू मी जसे रचून दिले तसेच परत आले, वरचा कागदसुद्धा हलला नव्हता. समर इंदूरहून आला तेव्हा त्याला विचारलं, "विनिताने बघितले तरी का रे?" तर तो आपला बुटाची नाडी सोडत बसला. एवढा वेळ लागतो का नाडी सोडायला? आपल्यात कुणाचं भांडं घरी आलं तर रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. भरलेलं भांडं भरलेलंच परत करायची रीत मी या वयात पहिल्यांदा पाहिली. तुझ्या माहेरची नसावी, तुझ्या आईला मी ओळखत होते.

आणि फोन. घंटी पूर्ण वाजते, मग ती बाई हिंदीत सांगते की उत्तर मिळत नाहीये. मला ते तिच्या आधी ठाऊक असतं. म्हणून कागद घेतला. चौथीच्या पुढे शाळा नाही, अक्षर वाकडं आहे, लावून लावून वाच.

चि. सौ. विनिता हिला आशीर्वाद. सोनूला आशीर्वाद. तुझ्या भावाला, वहिनीला आणि त्यांच्या गरिमालाही. इकडे सर्व ठीक असं लिहितात म्हणून लिहिते, इकडे सर्व ठीक.

कोहरा पडायला लागलाय. सकाळी फाटक दिसत नाही. समर ऑफिसातून उशिरा येतो, काय खाऊन येतो देवाला माहीत. परवा स्वतः खिचडी केली, भगोनं अजून भिजत पडलंय. पोरीला घेऊन तू दसऱ्यानंतर इंदूरला माहेरी गेलीस, तिथे मोठे डॉक्टर आहेत म्हणून. बरं केलंस. मी तेव्हाही बरं केलंस म्हणाले होते, तू ऐकलं नसशील. त्या दिवसांत तू माझं काहीच ऐकत नव्हतीस.

शालिनीताई सकाळीच आल्या होत्या. दरसाल आपल्याकडे घट तू मांडतेस, कहाणी मी वाचते, आणि त्या प्रसादाला येतात. चौरंग कोरडा बघून म्हणाल्या, "काकू, अजून मांडला नाही? विनिता नाही तर मी मांडून देते की." मी म्हटलं, नको. मग माझ्या हातातल्या बशीकडे त्यांचं लक्ष गेलं. बशीत पोहे होते. गुरुवारी सकाळी, माझ्या हातात. त्यांनी डोळे असे केले जसं मी कोंबडी खात होते.

"तब्येत बरी नाही का?"

"उत्तम आहे. म्हणून तर खाते."

"आणि आपली छोटी भक्तीण? ती कधी येणार?"

"ती भक्तीण नव्हती," मी म्हटलं. "आजारी होती."

चहा अर्धा टाकून गेल्या. आता भजनी मंडळात आठवडाभर मीच प्रसाद.

पोहे का खाल्ले ते पुढे सांगते. आधी दुसरं सांगायचंय, तेही तुला ठाऊकच आहे, पण तू ते एका बाजूने पाहिलंस. मी दुसऱ्या.

सोनूने पहिला उपास धरला तो संकष्टीचा. दहावी संपून कोचिंग लागलं होतं. दर रविवारी परीक्षा, आणि दर शनिवारी हिच्या पोटात दुखायचं. मी ओवा द्यायचे. एकदा म्हणाली, "आजी, मी पण चतुर्थी करू? मन शांत राहील." मला काय आनंद झाला. आजकालच्या पोरी देवासमोर उभ्या राहतात त्या फोटो काढायला, आणि ही सोळा वर्षांची पोर आपणहून उपास मागते. मी तिला सगळं शिकवलं. कशाला काय चालतं, कशाला नाही, चंद्र बघून कसं सोडायचं. आणि हेही शिकवलं की घेतलेला वसा मध्येच टाकायचा नसतो. मग सोमवार आला. मग एकादशी. मग गुरुवार. साबुदाणा तेलकट लागतो म्हणाली, मी म्हटलं राहू दे, फळ खा. फळही थंड पडतं म्हणाली. मी म्हटलं, निर्जळी जमत असेल तर त्यासारखं दुसरं पुण्य नाही.

मंडळात मी सांगत सुटले होते. आपल्या घरातले पुरुष शिंद्यांच्या फौजेत होते, उपाशी घोड्यावर बसायचे, हे रक्तातच आहे, असलं काय काय. बायका माना डोलवायच्या. दोघींनी आपल्या पोरींना सोनूचं उदाहरण दिलं. ते आठवलं की आता मला त्या पोरींच्या घरी जाऊन बघावंसं वाटतं, काय खातात.

उपास नसेल त्या दिवशी ताट घेऊन वर जायची. अभ्यास करत जेवते म्हणायची. आणि फाटकाशी ती भुरी गाय यायला लागली. मी गच्चीवरून एकदा पाहिलं, सोनू पोळी चुरून तिला घालतेय, भाजीसकट. मी कौतुकाने तुला हाक मारली होती, "बघ गं, गोग्रास देतेय." तूही हसलीस. आठवतं? गाय चांगली माजली. अजून येते, फाटकाला तोंड घासते. मी हाकलते.

टोपी बाजारातल्या त्या शिंप्याचं, दर्ज्याचं, तुला सांगितलं नव्हतं. तुझ्या मोठ्या भाचीच्या लग्नासाठी सोनूचा घागरा शिवायचा होता, मी घेऊन गेले होते. तो माप घेत म्हणाला, "माताजी, बिटिया तो भर गई, पुराना नाप नहीं चलेगा." मी हसले. म्हटलं, "खाती है, पचाती है, पढ़ती है, और क्या करेगी." दुकानात तीन-चार बायका होत्या, त्याही हसल्या. टेप सोनूच्या कमरेला तसाच होता आणि ती आरशात बघत होती, स्वतःकडे नाही, त्या बायकांकडे. पहिली संकष्टी त्याच महिन्यात होती. मी हे दोन जोडून बघितले नाहीत. माझ्या डोक्यात एक बाजारात होतं, दुसरं देवघरात.

तू म्हणशील, झालं, कबूल केलंत. थांब. घरात वजनकाटा मी नाही आणला. तो तू स्वतःसाठी आणलास, न्हाणीघराच्या दाराशी ठेवलास, आणि पोर दिवसातून किती वेळा त्यावर चढते ते तुलाही दिसलं नाही. समरला तर घरात बायको आहे की बदलली ते दिसत नाही. डॉक्टरांनी त्याला सांगितलं म्हणे की एका कुणाचा दोष शोधू नका. समरला ते फार आवडलं. मला नाही आवडलं. पण डॉक्टर आहेत.

एक गोष्ट मला दिसली होती, आणि ती मी नीट पाहिली नाही. रविवारी तिची वेणी मी घालायची. माझ्या मुठीत न मावणारी वेणी, ती बोटाएवढी झाली. फणीत केसांचा गुंता. मी म्हटलं, "काय गं, केस विकलेस की काय?" आधीची सोनू असती तर म्हणाली असती, "तुझ्या अंबाड्याला उसने दिलेत, आजी, ब्याजासकट लौटा दे." अशी तोंडाळ पोर. मीच तशी केली होती तिला, मला घरात दुसरं कोण उलट बोलतं? समर बोलत नाही, तू तोंड दाबून बोलतेस. त्या दिवशी ती नुसती "हो" म्हणाली. आणि मान माझ्या हातात दिली, जसं न्हाव्याच्या हातात देतात. मी आवळ्याचं तेल बदललं. एवढंच केलं.

पुढे दिवसेंदिवस तसंच. टोमणा मारला तर "हो". नाही मारला तरी "हो". गाणी ऐकायची बंद. मैत्रिणी फाटकापर्यंत यायच्या, "सोनिका नहीं आएगी क्या आंटी?" आणि परत जायच्या. दुपारी जाड स्वेटर घालून पडून. हात बर्फासारखे. आणि नवरात्र आलं. नऊ दिवस पाण्यावर, लवंगेवर. मी मंडळात सांगितलं.

दसऱ्याला शमीची पानं घेऊन ती मला नमस्कार करायला वाकली. डोकं माझ्या पायावर टेकलं आणि उठेना. मला वाटलं, किती भाव आहे पोरीत. सगळ्यांसमोर म्हटलं, "पुरे बाई, मिळाला मोठा आशीर्वाद." तू धावत आलीस, तोवर मी हसत होते. तुला वाटत असेल मी हे विसरले. माझ्या पायाला अजून तिच्या डोक्याचा भार लागतो. जास्त नव्हता. तेच.

दवाखान्यात तू समरसमोर म्हणालीस, "आई, तुम्ही माझ्या पोरीला देवाच्या नावाने उपाशी मारलंत." मी म्हटलं, "आणि तू काय बघत होतीस?" हे मी मागे घेत नाही. पण त्या ठिकाणी, ती आत नळ्या लावून पडलेली असताना, बोलायला नको होतं. बस, यापेक्षा जास्त माझ्याकडून होणार नाही, मला सवय नाही.

समर इंदूरहून आला की मी त्याला जेवताना धरते, तेव्हा तो पळू शकत नाही. त्याने सांगितलं, डॉक्टर म्हणतात एक दुखणं नाही, तीन आहेत. खाण्याचं, उदासीचं आणि घबराहटीचं. पहिलं कुठलं आलं ते आता निघत नाही. एक सोडवायला गेलं की बाकीची दोन आवळतात. मी म्हटलं, "म्हणजे वेणी." तो म्हणाला, "काय?" मी म्हटलं, तीन पेडांची वेणी, त्यातला एक पेड ओढून वेणी सुटते का? शेवटाकडून, हळूहळू, तिन्ही सुटे करत वर यावं लागतं. तो म्हणाला, डॉक्टर असंच काही म्हणत होते, वेळ लागेल. मग म्हणाला, पोर डॉक्टर वजन करायच्या आधी गुपचूप पोट भरून पाणी पिते. मग ताटावरून उठून गेला. बाप आहे. त्याचंही जेवण गेलं.

आता जे लिहायला बसले ते. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहिलं, ते याच्यासाठी की हात तिथे जात नव्हता.

सोनूने मला फोन केला होता. मागच्या आठवड्यात, दुपारी, समर ऑफिसात असताना. गरिमाच्या मोबाइलवरून. गरिमाला रागावू नकोस, तिला वाटलं नात आजीशी बोलतेय.

"आजी, किसी को बताना मत. मी बाथरूममधून बोलतेय."

"बोल."

"मार्गशीर्ष लागतोय ना. तू आईला सांग ना, की माझा गुरुवारचा वसा आहे. तुझं ती मानेल. देवाचं आहे म्हटल्यावर मामा-मामी पण काही नाही बोलणार."

"तुझी आई माझा फोन उचलत नाही."

"तो पापा से कहलवा दो. आजी, प्लीज. महिन्याभराचंच तर आहे. वसा टाकायचा नसतो, तूच म्हणाली होतीस."

मी म्हणाले होते. मी विचारलं, "आणि खाल्लंस तर काय होतं गं तुला? खरं सांग. मी डॉक्टर नाही."

तिने नळ मोठा सोडला. मग म्हणाली, "खाल्लं की छाती धडधडते. हाथ ठंडे पड़ जाते हैं. वाटतं काहीतरी वाईट होणार, मैंने कुछ ग़लत कर दिया. नहीं खाती तो शांत लगता है. आणि उपास असला की कोणी विचारत नाही ना, आजी. उलट सगळे छान म्हणतात."

"आणि शांत झाल्यावर?"

"मग काहीच नाही. कुछ अच्छा नहीं लगता. सब फीका. मी झोपते."

विनिता, मी आयुष्यभर उपास केले. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून गुरुवार, सासरे गेले त्या दिवशीही मोडला नव्हता. मला उपासाने भूक लागते, चिडचिड होते, आणि संध्याकाळी वरणभाताचा पहिला घास स्वर्ग वाटतो. मला वाटायचं सगळ्यांना असंच होतं. ही पोर देवासाठी उपाशी नव्हती. भीतीसाठी उपाशी होती. भीती वाटली की जेवण टाकायचं, म्हणजे ती गप्प बसते. पण पोट रिकामं असलं की ती आणखी मोठी होऊन येते. मग आणखी टाकायचं. आणि मी त्यावर कुंकू लावत होते.

फोनवर तिला मी "बरं, सांगते" म्हटलं. ती रडली, "थँक्यू आजी" म्हणाली. किती दिवसांनी ती माझ्याशी "हो" सोडून काही बोलली. तेवढ्यासाठी मला खरंच वाटलं, सांगून टाकावं. एक महिना. देवाचंच तर आहे. मी दोन दिवस हा विचार केला, हे तुला कळलेलं बरं.

मग खासगी बाजारातून लक्ष्मीकांत गुरुजींना बोलावलं. विचारलं, नातीचा वसा सोडवायचा आहे, ती परगावी आजारी आहे, काय करू. ते म्हणाले, "उद्यापन ज्याचं त्याने करावं, विजयाबाई." मी म्हटलं, "वसा मी दिला. देणारी मी, परत घेणारी मी. शास्त्रात बसत नसेल तर बसवा, नाहीतर दक्षिणा दुसऱ्या गुरुजींना जाईल." बसवलं त्यांनी. मंगळवारी संकल्प सोडला, पुरण घातलं, त्यांच्या बायकोला सवाष्ण म्हणून जेवू घातलं. सोनूचं नाव घेऊन चतुर्थी, सोमवार, एकादशी, गुरुवार, सगळं परत केलं. देवाकडे तिची काही बाकी नाही. हे तिला सांग, गुरुजींचं नाव घेऊन सांग, ती माझं ऐकणार नाही आता.

आणि माझेही सोडले. सगळे. म्हणून पोहे. आज सकाळी पहिला घास गिळताना गळ्याशी अडकला, पापाची भीती मलाही वाटली. म्हणजे मला थोडं कळलं, तिला रोज काय वाटत असेल. पाण्याने खाली ढकलला. दुसरा जरा बरा गेला. तिला एवढंच सांग की आजी आता कुठलाही उपास करत नाही. या घरात उपाशी राहायला तिला सोबत मिळणार नाही.

समरला मी सांगितलं होतं की विनिताला फोन कर, गुरुवारबिरुवार काही ऐकून घेऊ नको म्हणावं. तो "हो" म्हणाला. केला की गिळला, ठाऊक नाही. आज तिकडे ताट वाढलं असेल तेव्हा ती तुझ्या तोंडाकडे बघत बसली असेल, आजीने सांगितलं असेल म्हणून. वसा पाळू दे असं मी सांगितलं नाही. हे सांगितलं.

हा कागद तिच्यासमोर वाच, पूर्ण. दर्ज्याचं, गायीचं, बाथरूमच्या फोनचं, सगळं. मधलं गाळू नकोस. आजीने फितुरी केली हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. ती चिडेल. मला शत्रू म्हणेल. म्हणू दे. चिडायला ताकद लागते, तेवढी तरी तिने कमवावी. बरी होईल की नाही ते मी लिहीत नाही, मला माहीत नाही, आणि तुलाही नाही.

समर शनिवारच्या गाडीने निघेल. कागद त्याच्याकडे देते, डबाही. लाडू काढून घेतलेत. डॉक्टर म्हणतात तिच्यामागे खाण्याचा धोशा लावू नका, तर नाही लावत. डबा घासून, पुसून, रिकामा पाठवतेय. चिमूटभर साखरही घातली नाही, मुद्दाम. आयुष्यात पहिल्यांदा असं भांडं माझ्या घरातून बाहेर जातंय.

तो परत रिकामा येता कामा नये. त्यात फराळ नको, तुझी चिठ्ठी नको, समरच्या तोंडचा निरोप तर मुळीच नको. त्यात सोनिकाच्या हातचा कागद पाहिजे, मग हिंदीत असो की मराठीत, शिव्या असोत. फक्त "हो" लिहिलेला असेल तर मी तो परत पाठवीन. उत्तर तिनेच द्यायचं, आणि उलट द्यायचं.

विजयाबाई